राबाची हाळी

आमचे सर कुठेही न सांगता शिरत नसत. स्टाफरूमच्या दाराशी आले की आधी खाकरायचे, मग "येतोय" म्हणायचे आणि मगच पाऊल आत टाकायचे. दार सताड उघडं असलं आणि आम्ही सगळे त्यांच्याकडेच बघत बसलेलो असलो तरी यात बदल नाही. खिडकी उघडायची झाली तर "खिडकी उघडतोय" असं जाहीर होई. डब्यात सुका जवळा असला तर झाकण काढण्याआधी शाकाहारी मंडळींना रीतसर पूर्वसूचना मिळे. मी महाडच्या कॉलेजात मराठी शिकवायला नवीन लागले, तेव्हा मला वाटलं की या माणसाचा एखादा स्क्रू ढिला असणार. पुढे कळलं, स्क्रू घट्ट आहे. जरा जास्तच घट्ट आहे.

सर राज्यशास्त्र शिकवत. त्यातही त्यांचा खरा जीव एकाच प्रश्नात अडकलेला. दोन वैरी शेजारी आहेत, दोघांकडे अणुबॉम्ब आहे, मग दोघांनी जगायचं कसं? दर वर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर काहीही न लिहिता सांगत, "एका हातात काठी, दुसऱ्या हातात चहाचा कप. एकही हात रिकामा ठेवायचा नाही." मग विचारत, "कप सांडला तर?"

मागून कोणीतरी म्हणे, "दुसरा भरायचा, सर."

"शाब्बास. आणि काठी हातातून पडली तर?"

यावर पोरं वहीत डोकं घालत.

"पडली हे समोरच्याला कळू द्यायचं नाही," सर म्हणत आणि हजेरी घ्यायला लागत.

माझ्या पहिल्याच वर्षी जानेवारीच्या पहिल्या तारखेला त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी आपली नवीन वर्षाच्या शुभेच्छा देऊन मोकळी झाले. सर म्हणाले, "छे हो मॅडम, नवीन वर्ष कसलं? आज याद्या दिल्या गेल्या." भारत आणि पाकिस्तान दर वर्षी या दिवशी आपापल्या अणुठिकाणांच्या याद्या एकमेकांना देतात, इथे हल्ला करायचा नाही म्हणून. बोलणी बंद असोत, खेळाडू जायचे बंद असोत, याद्या काही चुकत नाहीत. सरांना ही गोष्ट एखाद्या नातवाच्या बारशासारखी वाटे. "म्हणजे दोघंही अजून शुद्धीवर आहेत," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. आमचे क्रीडाशिक्षक तेवढ्यात म्हणाले, "सर, शत्रूला कसल्या याद्या देता? एकदाचं संपवून टाकायचं." सरांनी त्यांनाही पेढा दिला आणि म्हणाले, "संपवा. पण वारा कुठल्या बाजूचा आहे ते आधी बघा."

हे वाऱ्याचं काय प्रकरण आहे ते मला त्यांच्या गावी गेल्यावर कळलं.

वरंधच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून वर चढत गेलं की त्यांची वाडी लागते. उतारावर घरं, घरांच्या मागेपुढे भातखाचरं. सरांच्या घराला लागून त्यांच्या चुलतभावाचं घर. त्याला सगळी वाडी तात्या म्हणते. मध्ये एक बांध. या बांधावर पूर्वी एक फणस होता, दोघांच्या सामाईक मालकीचा. सर परीक्षेच्या कामासाठी महाडला राहिले होते तेव्हा तात्यांनी तो तोडला. त्या दिवसापासून दोन्ही भावांचं बोलणं बंद.

"तोडला याचं काही नाही हो," सर मला सांगत. "न सांगता तोडला."

खाकरण्याचं आणि खिडकीचं मूळ मला तिथे सापडलं.

मौज अशी की हा फणस त्यांनी वर्गातही आणला होता. नावं न घेता, "समजा, दोन राष्ट्रांच्या सीमेवर एक झाड आहे" अशी सुरुवात करून. एका राष्ट्राने ते न सांगता तोडलं तर दुसऱ्याने काय समजायचं? नेमका पहिल्या बाकावर तात्यांचा मुलगा नीलेश बसलेला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, झाड घरावर कललं होतं. वादळ येणार होतं."

वर्गातल्या निम्म्या पोरांना दोन्ही घरं माहीत. हसू आवरता आवरेना. सरांनी डस्टर खाली ठेवलं आणि म्हणाले, "दुसऱ्या राष्ट्राची बाजूही लिहून घ्या. त्याला वाटलं, तो घर वाचवतोय. पहिल्याला वाटलं, हल्ला झालाय. युद्धं अशीच लागतात." मला हे मुलांकडून कळलं. सरांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पोरगा हुशार आहे. बापावर गेलेला नाही." तो पोरगा कॉलेजात त्यांना सर म्हणे आणि वाडीत समोर आला तर खाली मान घालून निघून जाई. काका म्हणायची त्याला घरून बंदी होती.

दोन्ही घरांतला बंदोबस्त बघण्यासारखा होता. सरांच्या पडवीत खुंटीला एक शिसवी काठी. दर रविवारी सर ती अंगणात घेऊन बसत आणि तात्यांच्या डोळ्यांदेखत तिला तेल लावत. आयुष्यात त्यांनी ती कोणावर उगारली नव्हती. "दिसली पाहिजे, लागता कामा नये," हे त्यांचं धोरण. तात्यांनी त्यावर उतारा म्हणून एक कुत्रा आणला. भलादांडगा, काळाकुट्ट, भुंकला की वाडी दणाणावी असा. मी एकदा सरांबरोबर बांधाच्या कडेने चालले होते. कुत्रा धावत आला, आणि सरांच्या पायाशी लोळून शेपूट हलवायला लागला. सरांनी इकडेतिकडे बघत त्याच्या कानामागे खाजवलं. तेवढ्यात तात्या दारात आले. कुत्रा ताडकन उठून भुंकू लागला आणि सर दोन पावलं मागे सरले.

"हे कोणाला सांगू नका," पुढे गेल्यावर ते हळूच म्हणाले. "धाक संपेल."

"आणि बोलणी?" मी म्हटलं. "चहाचा कप?"

"ते खातं आमच्या बायकांकडे. राजदूत विहिरीवर भेटतात." आणि खरंच, सरांची बायको, म्हणजे काकू, आणि तात्यांची बायको रोज पाण्याला एकत्र जात. दिवाळीचा फराळ, आजारपणाच्या बातम्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं विहिरीमार्गे इकडचं तिकडे होई. दोघे नवरे बरणीतलं लोणचं खात आणि ते कुठून आलं हे विचारत नसत.

पण भावांनी एकमेकांशी बोलायचा एक प्रसंग वर्षातून येईच. तो म्हणजे राब. पावसाळ्याआधी भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत पसरून ते जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. उन्हाळ्यात सगळा डोंगर वाळून कडकडीत झालेला असतो. घाटाखालचा वारा लहरी, कधी फिरेल नेम नाही. एकाच्या राबाची ठिणगी दुसऱ्याच्या पेंढ्याच्या उडवीवर गेली की उडवी, गोठा, घर, सगळं जाणार. आणि तिथून वारा फिरला की लावणाऱ्याचंही. म्हणून वाडीची रीत अशी, की राब पेटवण्याआधी बांधावर उभं राहून शेजाऱ्याला हाळी द्यायची. शेजाऱ्याने उलट हाळी देऊन ओल्या डहाळ्या घेऊन आपल्या बाजूला उभं राहायचं. कोर्टात खटला चालू असला तरी ही हाळी चुकत नाही.

"राब लावतोय रे होऽऽ!"

"लाव रे होऽऽ!"

फणस तुटल्यापासून दोन्ही भावांचं बोलणं म्हणजे वर्षातून एवढंच. सर म्हणत, "मॅडम, अणुकरार म्हणजे दुसरं काय असतं? प्रेम नसलं तरी चालतं. हाळी चुकता कामा नये."

नीलेश पुढे सैन्यात गेला. या भागात ते नवीन नाही, घराआड एक फौजी. भरतीला जाण्याआधी तो सरांच्या पाया पडायला आला. घरी नव्हे, कॉलेजात. मी तिथेच होते. सर त्याला म्हणाले, "तुझं काम भांडायचं नाय. समोरच्याला भांडावंसं वाटू नये, असं उभं राहायचं." बोलताना त्यांच्या तोंडून 'नाही'चं 'नाय' झालं, आणि कॉलेजात ते कधी होत नसे.

आणि मग दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यातले ते दिवस आले. काश्मीरमध्ये पर्यटक मारले गेले होते, आपल्या सैन्याने सीमेपलीकडे मारा केला होता, त्यांचे ड्रोन येत होते, सीमेवर तोफा चालू होत्या. टीव्हीवर दर तासाला एक नवं शहर आपण जिंकत होतो. स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासता तपासता क्रीडाशिक्षकांनी अर्धा नकाशा बदलून टाकला. मला वाटलं, सर आता जोरात असतील, त्यांचाच विषय आहे. पण सर खाकरायचं विसरले. न सांगता आत येऊन खुर्चीत बसले.

"मार द्यायला हवाच होता," ते म्हणाले. "दिला. त्यात माझं दुमत नाही. आता प्रश्न थांबायचा आहे. चढणं सोपं असतं हो."

"तुम्हीच म्हणता ना, धाक असला की थांबतात?"

"म्हणतो. तीस वर्षं शिकवतोय." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, वर्गात तो नकाशा असतो. आता त्या नकाशात आपला पोरगा उभा आहे."

नीलेश सीमेवर होता. त्याचा फोन लागत नव्हता, ही बातमी विहिरीमार्गे आलेली. तात्यांच्या घरी धड जेवण शिजत नव्हतं. काकू भाकऱ्या थापून पाण्याच्या हंड्यात लपवून नेत होत्या. सरांना ते दिसत होतं आणि ते दिसत नसल्यासारखं करत होते.

त्या शनिवारी काकूंनी मला जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली, पडवीत टीव्ही चालूच होता. दुपार कलायला लागली आणि सरांनी एकदम मान वर केली.

"धूर," ते म्हणाले.

तात्यांच्या खाचरातून धूर येत होता. राब पेटला होता, आणि हाळी आली नव्हती.

सर उठले. चेहरा पांढराफटक. तोवर वाडीतली दोनचार तरणी पोरं धावत आली. मुंबईहून सुट्टीवर आलेली, टीव्ही बघून आधीच तापलेली. एक म्हणाला, "सर, मुद्दाम लावलान! तुमची उडवी जाणार आता!" दुसरा म्हणाला, "आपणबी वरच्या अंगानं लावू. फुल्ल फिल्डिंग लावू. त्याचा गोठा जाऊ दे, मग कळंल त्याला!"

सरांनी खुंटीवरची काठी काढली. ती काठी खुंटीवरून अशी खेचून निघालेली मी कधीच पाहिली नव्हती. तो माणूस काय काय शिकवतो ते मला पाठ होतं. हाळी नसलेली आग म्हणजे हल्ला, हे त्याचंच वाक्य.

सर तरातरा बांधापर्यंत गेले आणि थांबले. पोरं मागे, मी त्यांच्या मागे. सरांनी छाती भरून श्वास घेतला.

"तात्याऽऽ! राब लावलास का रे होऽऽ?"

उत्तर नाही. ज्वाळा आता गुडघ्याएवढ्या झाल्या होत्या.

"तात्याऽऽ! हाईस का रे होऽऽ?"

तरीही नाही. एक पोरगा म्हणाला, "बघा! जवाब पन देत नाय!"

"गप रे," सर म्हणाले. "जवाब नाय म्हंजे काहीतरी झालंय."

आणि त्यांनी बांध ओलांडला.

सगळी वाडी बघत होती. काळा कुत्रा धावत आला आणि सगळ्यांसमोर सरांच्या पायाशी लोळला. इतक्या वर्षांची अब्रू मातीत मिळाली. सरांचं तिकडे लक्षही नव्हतं.

तात्या राबाच्या कडेलाच बसले होते. हातात डहाळी, पण ती उचलायचं भान नव्हतं. सरांना बघून त्यांचे ओठ हलले. आधी नुसतीच घरघर आली. मग शब्द आले.

"हाळी द्यायला हुभा ऱ्हायलो... आवाजच फुटला नाय रे." त्यांनी गळ्याला हात लावला. "तीनदा तोंड उघडला. पोराच्या नावानं सारखा हुंदका येतो. पेटवला कधी, ता पन कळला नाय."

सरांनी काठी फेकून दिली. तात्यांच्या हातातली डहाळी घेतली आणि पोरांवर ओरडले, "बघत काय ऱ्हायलात? झोडा त्या बाजूनं!" मघाशी गोठा जाळायला निघालेली तीच पोरं डहाळ्या तोडून आगीच्या कडेने पसरली. मीही एक डहाळी घेऊन झोडत होते, साडीची पर्वा न करता. वारा एकदा उडवीकडे वळला, तेव्हा सगळ्यांनी एकदम ओरडून मार चालवला. हळूहळू आग राबापुरती उरली.

मग सरांनी एक विचित्र गोष्ट केली. घाम पुसला, तात्यांच्या जमिनीवर उभे राहिले, स्वतःच्या घराकडे तोंड केलं आणि तात्यांच्या वतीने हाळी दिली.

"राब लावतोय रे होऽऽ!"

बांधापलीकडे काकू उभ्या होत्या. क्षणभर त्या गोंधळल्या. मग पदर कमरेला खोचून त्यांनी खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "लावा होऽऽ!"

"झालं," सर तात्यांना म्हणाले. "रीत चुकली नाय. उशीर झाला फक्त."

तात्या रडायला लागले. सर त्यांच्या शेजारी राखेच्या कडेला बसले. पाठीवर हात ठेवायचा की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी कुत्र्याच्या पाठीवर ठेवला.

राब निवत आला तेव्हा काकू पडवीतून हाका मारत आल्या. टीव्हीवर सांगत होते, दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांचं फोनवर बोलणं झालं, मारा थांबवायचं ठरलं. सर उठून उभे राहिले. "फोनवर?" त्यांनी दोनदा विचारलं. "फोन चालू होता?" मग ते तात्यांकडे वळून म्हणाले, "चालू होता रे. त्यांची हाळी चालू होती." आणि हा तीस वर्षं धाकाचं शास्त्र शिकवणारा माणूस मटकन खाली बसला आणि हसायला लागला. मलाही रडू आलं, आणि किती बरं वाटलं ते मी अजून सांगू शकत नाही. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणतात, तो खरोखर उतरताना जाणवतो.

वाडीत मोबाइलची रेंज फक्त देवळाच्या चढावर मिळते. सगळे तिकडे निघालो, दोन्ही घरं आणि मागून कुत्रा. तिन्हीसांजेला तात्यांच्या हातातला फोन वाजला. "आबा, मी बरा हाय," एवढं मलाही ऐकू आलं. पुढचं तात्यांच्या बायकोच्या रडण्यात बुडालं. नंतर तात्यांनी फोन सरांच्या हातात कोंबला. सर सावरून उभे राहिले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "हं. ठीक आहेस ना? छान उभा राहिलास." पलीकडून नीलेशने विचारलं असावं, सर तुम्ही तिथे कसे? सर म्हणाले, "झाड कललं होतं."

आता कोणाला वाटेल, त्या दिवसापासून भाऊ गळ्यात गळे घालून फिरायला लागले. तसं काही झालं नाही. दुसऱ्याच रविवारी सर अंगणात काठीला तेल लावत बसलेले होते. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "मारा थांबलाय, मॅडम. मैत्री वेगळी. तिला वेळ लागतो." तात्यांनी कुत्र्याला बांधून ठेवायला सुरुवात केली होती, म्हणजे तो फितूर आहे हे त्यांनी मान्य केलं होतं. बोलणं अजून विहिरीमार्गेच चालू होतं. फक्त लोणचं खाताना सर आता म्हणत, "यंदा मीठ जास्त पडलंय, कळवा."

सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी भाषण केलं, त्यात खाकरण्याची नक्कल केली, आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

यंदा राबाच्या वेळी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. नीलेश रजेवर आला होता. यंदा राब तोच लावणार होता. आम्ही बांधाच्या अलीकडे उभे, सर डहाळी घेऊन तयार. पलीकडे नीलेश, अंगाने भरलेला, उन्हाने रापलेला. थोडं मागे तात्या. नीलेशने तोंडाभोवती हात धरले.

"काकाऽऽ! राब लावतोय होऽऽ!"

काका. फणस तुटल्यापासून पहिल्यांदा, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं.

सरांनी तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. हाळी निघेना.

पलीकडे सगळे थांबले. नीलेशच्या हातातली काडी तशीच राहिली. तात्या पुढे आले, डोळ्यांवर आडवा हात धरून बघू लागले. "काय झाला रे? जवाब का देत नाय?" ते घाबऱ्या आवाजात म्हणाले आणि धोतर सावरत बांधाकडे धावत यायला लागले.

म्हातारा पडेल धावताना, असं वाटून मीच उत्तर द्यायला श्वास घेतला. सरांनी माझा दंड धरला. डोळे भरून वाहत होते, आणि आवाज आता परत आलेला होता, मला नीट ऐकू आला.

"थांबा मॅडम," ते कुजबुजले. "येऊ द्या त्याला."